इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याला जीनोमच्या कामात जागा आहे का?

तू विचारलंस, "इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, बायोलॉजी बारावीलाच सुटली. जीनोम वाचायचं तंत्र घडवणाऱ्या केंद्रात मला कोण उभं करणार?" पुण्यात पाषाणला याच कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे तुझ्यासारखे लागतातच. स्टॅनफर्डचं जीनोम टेक्नॉलॉजी सेंटर घे, जनुकशास्त्रज्ञ रॉन डेव्हिस यांचं. 1996 मध्ये यीस्टचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाला, त्यात त्यांचा वाटा होता. मला मात्र त्यापुढचं काम जास्त मोलाचं वाटतं. यीस्टमध्ये सुमारे 6000 जनुकं. इतर प्रयोगशाळांना सोबत घेऊन त्यांनी एकेक जनुक काढलेले हजारो वाण केले आणि प्रत्येकाला ओळखखूण म्हणून डीएनएच्या 20 अक्षरांचे बारकोड लावले. सगळे वाण एकाच फ्लास्कमध्ये वाढवायचे, औषध घालायचं, आणि कुठले बारकोड घटले ते डीएनए-चिपवर मोजायचं. कुठलं जनुक नसलं की औषध बाधतं ते त्यातून कळतं. हजारो प्रयोग एका भांड्यात! ही मोजमापाची बुद्धी आहे, तुझ्याच शाखेची.

नॅनोपोअर या डीएनए वाचायच्या पद्धतीचंही तेच. पडद्यातल्या छिद्रातून डीएनएचा धागा सरकतो तसा आयनांचा प्रवाह कमीजास्त होतो. तो पिकोअँपिअरमध्ये असतो, आणि त्या वेड्यावाकड्या रेषेतून अक्षरं ओळखायची.

पण नुसत्या सिग्नलवर राहू नकोस. सुरुवातीला माझा एक नमुना घातला की नॅनोपोअरची छिद्रं तासाभरात बंद पडायची. मी तीन आठवडे सॉफ्टवेअर तपासत बसलो. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी विचारलं, "260/230 किती आलंय?" 260 आणि 230 नॅनोमीटरचा प्रकाश नमुना किती शोषतो त्याचं हे गुणोत्तर, डीएनए किती शुद्ध ते सांगणारं. ते 2 च्या आसपास हवं, माझं 1 च्याही खाली. डीएनए काढताना वापरलेलं फिनॉल हे रसायन त्यात राहिलं होतं. त्यांनी पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून दिलं, लांब धागा तुटू नये म्हणून, आणि इतकं सावकाश ओढायला लावलं की हात अवघडला. तो नमुना रात्रभर चालला.

पुण्यात तुला लांब जायला नको. विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर आहे, त्याच आवारात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, एनसीसीएस. पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. उन्हाळ्याच्या प्रोजेक्टसाठी थेट प्राध्यापकांना मेल कर. मार्कांचा पाढा नको. त्यांच्या कामातलं कुठलं मोजमाप तुला सुधारावंसं वाटतं ते दोन ओळींत लिही, आणि ओल्या प्रयोगशाळेतही, म्हणजे जिथे नमुने-रसायनं हाताने हाताळतात तिथे, बसू द्या म्हणून स्पष्ट विचार. आठवड्यात उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव. जानेवारी-फेब्रुवारीत अशा मेलांचा ढीग असतो, पहिला बरेचदा खालीच राहतो.