नोकरी गेली, भाडे थकले. पण आधी तो राजीनामा बाजूला ठेवा

प्रश्न : चाकणजवळच्या एका कारखान्यात मी सहा वर्षे मशीन ऑपरेटर आहे. पगार 19,000 रुपये. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,000. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफ दोन्ही कापले जातात. काम कमी झाले म्हणून कंपनी चौदा जणांना काढत आहे. एचआर म्हणते, राजीनाम्याच्या कागदावर सही करा, हिशेब लगेच करतो. गेले दोन महिने पगार अर्धाच झाल्याने घरभाडे थकले आहे (महिना 12,000). करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी केलेला, अजून चार महिने बाकी. डिपॉझिट 50,000. मालक कुलूप बदलण्याची धमकी देतो आणि त्याच्याकडे माझे पुढच्या तारखांचे तीन चेक आहेत. बेरोजगाराला भाड्यासाठी सरकारी मदत मिळते का? अर्ज कुठे करायचा?

उत्तर : बेरोजगार झालेल्याचे घरभाडे सरकारने रोख भरावे अशी योजना आपल्याकडे नाही. त्या नावाचे फॉर्म भरून देणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका. तुमच्या बाबतीत भाड्याचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, आणि ती वाट एचआरने पुढे केलेल्या कागदावरच बंद होते. म्हणून घरमालकाचा विषय जरा थांबवून आधी राजीनाम्याचे बोलू.

कामाअभावी कंपनी कामगाराला काढते त्याला कायद्यात कामगार कपात म्हणतात. वर्षभर सलग (म्हणजे किमान 240 दिवस) काम केलेल्या कामगाराला अशा वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तुमच्या आकड्यांवर नोटीस पगार 19,000 आणि भरपाई सुमारे 57,000 होते. ग्रॅच्युइटी वेगळी : 13,000 गुणिले 15, भागिले 26, म्हणजे 7,500, सहा वर्षांचे 45,000. राजीनामा दिलात तरी पाच वर्षे पूर्ण असल्याने ग्रॅच्युइटी मिळेलच, पण वरचे 76,000 गेले. एचआरचा ‘लगेच हिशेब’ कंपनीला स्वस्त पडतो तो इथे. शिवाय लगेच देण्यात उपकार काही नाहीत; नोकरीवरून काढल्यावर बाकी पगार दोन कामकाजाच्या दिवसांत देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ही भरपाई कायद्याने ‘कामगारा’साठी आहे, पण तुमच्या ओळखपत्रावर ‘सुपरवायझर’ छापले असेल तर घाबरू नका. पद काय लिहिले यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होता हे पाहिले जाते.

दुसरे नुकसान ईएसआयचे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. किमान दोन वर्षे वर्गणी भरलेली असली तर पहिले बारा महिने सरासरी रोजाच्या निम्मे आणि पुढचे बारा महिने पाव भत्ता मिळतो. तुमच्या पगारावर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 9,500 होतात, शिवाय त्या काळात कुटुंबाचे उपचारही ईएसआयमध्ये चालू राहतात. भाडे 12,000 आहे. हिशेब तुम्हीच घाला. ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा कागद असेल तर ही योजना लागू होत नाही.

दुसरी योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. तिच्यात सरासरी रोजाच्या 50 टक्के भत्ता जास्तीत जास्त 90 दिवस मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. तुम्हाला सुमारे 28,500 बसतील. दोन वर्षे विमाधारक असणे, नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान 78 दिवस आणि त्याआधीच्या तिनांपैकी एकात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असणे, या अटी आहेत. वर्गणी काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दावा नोकरी सुटल्यापासून तीस दिवसांनी करता येतो. ही योजना मुदतीची असून मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा आज ती चालू आहे का हे ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारूनच फॉर्म भरा. एकाच बेकारीवर दोन्ही भत्ते मागू नका. तुमची केस कपातीची ठरली तर पहिली योजना कितीतरी फायद्याची.

दावे अडतात ते बहुधा एका बारीक जागी. कंपनी दर महिन्याची वर्गणी ऑनलाइन भरते तेव्हा शून्य दिवस भरलेल्या कामगारापुढे कारण निवडावे लागते. त्या यादीत ‘नोकरी सोडली’ आणि ‘कपात’ ही दोन वेगळी कारणे असतात. अकाउंटवाला सवयीने पहिले टाकतो आणि शाखा कार्यालयात तुमचा अर्ज परत येतो. म्हणून कंपनीकडून पत्र घ्या : कामाअभावी अमुक तारखेपासून कपात, शेवटचा कामाचा दिवस अमुक, आणि पोर्टलवरही तेच कारण नोंदवू. पत्र देत नसतील तर ‘मी राजीनामा दिलेला नाही, मला कामाअभावी बंद केले आहे’ एवढे तीन ओळींत लिहून ईमेल करा आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी तसे लिहून कळवा आणि सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्या. महिनाभराने आठवलेल्या दबावावर कोणी सहज विश्वास ठेवत नाही.

पीएफमधली 75 टक्क्यांपर्यंतची रक्कम बेरोजगारीत काढता येते. यूएएनला (तुमच्या पीएफच्या क्रमांकाला) आधार आणि चालू मोबाइल जोडलेला हवा, आणि नोकरी सुटल्याची तारीख खात्यावर पडलेली हवी. कंपनीने ती टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. मी असतो तर पीएफला शेवटी हात लावला असता.

आता घरमालक. ‘भाडेकरूला कोणी काढू शकत नाही’ हे शेजाऱ्यांचे वाक्य पागडीच्या जुन्या भाडेकरूंना शोभते, तुम्हाला नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 24 लागते : मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि घर सोडेपर्यंत दुप्पट भाडे नुकसानभरपाई म्हणून द्यावे लागते. चार महिन्यांनंतर एक दिवसही जास्त राहू नका. पण म्हणून मालकाला स्वतः कुलूप बदलता येत नाही. थकलेले भाडे हा दिवाणी मामला आहे. त्याने तसे केलेच तर 112 वर फोन, पोलिस ठाण्यात लेखी अर्ज आणि दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढल्यास विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

खरा धोका त्या तीन चेकचा आहे. चेक वटला नाही आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेकसंबंधीच्या कायद्याच्या) कलम 138 चा फौजदारी खटला होतो. दिवाणी बाकीचे रूपांतर कोर्टाच्या समन्समध्ये होते. बँकेला पेमेंट थांबवायला सांगूनही सुटका होत नाही. म्हणून मालकाने चेक बँकेत टाकण्याआधीच त्याच्याशी बोला आणि जे ठरेल ते कागदावर घ्या. मजकूर साधा असू द्या : ‘थकलेले दोन महिन्यांचे 24,000 रुपये डिपॉझिटमधून वळते केले. शिल्लक डिपॉझिट 26,000. पुढील महिन्यापासून भाडे दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत बँकेत जमा होईल. तीन चेक (क्रमांक अमुक) आज परत मिळाले.’ दोघांच्या सह्या, तारीख, एक साक्षीदार. मालकाच्या संमतीशिवाय डिपॉझिटमधून भाडे आपोआप कापले जाते असे समजू नका. करारात तसा हक्क सहसा नसतो.

नोटीस पगार आणि भरपाई हाती येऊनही 12,000 झेपणार नसतील तर करारातला लॉक-इन काळ (ज्यात घर सोडता येत नाही तो काळ) पाहा. तो संपला असेल तर बहुतेक करारांत एक महिन्याच्या लेखी नोटिशीवर घर सोडता येते, आणि आजच नोटीस दिलीत तर उरलेल्या 26,000 मधले बरेचसे परत येतील.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 वर फोन करा. जाताना सहा महिन्यांच्या पगारपावत्या, ईएसआयचे कार्ड, भाडेकराराची प्रत आणि एचआरने सहीसाठी दिलेला तो राजीनामाही, सही न करता, घेऊन जा.