समुद्री पवनऊर्जेच्या संशोधनात भागीदार शोधण्यापूर्वी
पवईतल्या प्रयोगशाळेतून या विषयाकडे वळताना कंपनीशी करार करण्याची घाई करू नये. आधी वाऱ्याची सरकारी मोजणी नीट वाचावी. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने 2017 मध्ये खंभातच्या आखातात, पिपावावपासून सुमारे 23 किलोमीटरवर, लायडार (लेसरने वाऱ्याचा वेग मोजणारे उपकरण) बसवला. अशा पायाभूत मोजणीचा खर्च एकट्या कंपनीने उचलावा, ही अपेक्षा व्यवहार्य नसते. ब्रिटनमध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेने 2008 मध्ये सुरू केलेल्या समुद्री पवनऊर्जेच्या संयुक्त संशोधन उपक्रमात एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांनीही पैसे घातले, कारण टर्बाइनचा पाया, केबल आणि उसळत्या समुद्रात टर्बाइनवर चढण्याची सोय या अडचणी सर्वांच्या सारख्याच होत्या. तुमचा प्रस्तावही अशाच सामाईक अडचणीवर बेतावा. केंद्राने जून 2024 मध्ये मंजूर केलेली 7,453 कोटी रुपयांची योजना गुजरात आणि तमिळनाडूतील प्रकल्पांसाठी व बंदरांसाठी आहे (महाराष्ट्राचा त्यात वाटा नाही, हे मान्य करून टाकावे), त्यामुळे संशोधनासाठी निधी वेगळा शोधावा. करारात मोजणीची मालकी कोणाची, शोधनिबंध किती काळ रोखता येईल आणि कंपनीने मध्येच माघार घेतल्यास उपकरणे कोणाकडे राहतील, हे स्पष्ट लिहून घ्यावे. पेटंटच्या वाट्यावर मात्र, माझ्या मते, फार ताणू नये.