‘स्टार ट्रेक’ मालिका न पाहता थेट ‘द रॅथ ऑफ खान’ पाहिला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठच्या दशकातली मूळ मालिका पाहिलेली नाही, १९७९ चा पहिला चित्रपट कंटाळून अर्ध्यावर बंद केला, दुसऱ्याच्या शेवटी स्पॉक मरतो हे इंटरनेटवर आधीच कळलंय, तरी दहा वर्षांच्या मुलीला घेऊन हा १९८२ चा दुसरा भाग पाहू का?

पाहा. नक्की पाहा. मालिकेचे ७९ भाग आधी संपवायची मुळीच गरज नाही. पण त्यातला एक भाग मात्र आदल्या रात्री पाहून घ्या, म्हणजे चित्रपटाचा अर्थच बदलतो. त्या भागाचं नाव ‘स्पेस सीड’, पहिल्या वर्षातला, १९६७ च्या फेब्रुवारीत दाखवलेला.

मी ही मालिका लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि आम्ही दहाबारा मुलं जमिनीवर बसून स्पॉकचे कान बघायचो. इंग्रजी फारसं कळत नसे, पण रचना कळली होती. दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट. अंतराळजहाजाचा कप्तान कर्क काहीतरी शक्कल लढवतो, त्याचा टोकदार कानांचा सहकारी स्पॉक भुवई वर करतो, जहाज पुढे निघून जातं. पुढच्या रविवारी मागच्या ग्रहाचं कुणी नावही काढत नसे. मला तेव्हाही वाटायचं की हे लोक निघून गेल्यावर तिथल्या माणसांचं काय होत असेल? सगळ्या वाड्यात हा प्रश्न मला एकटीलाच पडायचा. ‘द रॅथ ऑफ खान’ हा त्या प्रश्नाचं उत्तर देणारा चित्रपट आहे, म्हणून तो माझ्या इतका जवळचा.

‘स्पेस सीड’मध्ये कर्कच्या एंटरप्राइझ या जहाजाला एक जुनं, भरकटलेलं जहाज सापडतं. आत गोठवून झोपवलेली माणसं असतात आणि त्यांचा पुढारी असतो खान नूनियन सिंग. इतरांपेक्षा बळकट आणि बुद्धिमान निपजावा म्हणून मुद्दाम घडवलेला माणूस. मालिकेच्या कल्पनेनुसार त्यानं १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या चौथाई भागावर राज्य केलेलं असतं. जागा झाल्यावर तो जहाज ताब्यात घेतो, शेवटी हरतो. कर्क त्याला तुरुंगात टाकत नाही. एका रानटी, निर्मनुष्य ग्रहावर, सेटी आल्फा ५ वर, त्याच्या माणसांसकट सोडून देतो: घडवा तुमचं राज्य. हा न्याय त्या क्षणी फार उमदा वाटतो. मग स्पॉक सहज म्हणून जातो की आज इथे जे बी पेरलं त्याचं शंभर वर्षांनी काय उगवलं हे येऊन पाहणं मोठं रंजक ठरेल. भाग संपतो. मालिका संपते. कुणीही पाहायला जात नाही.

चित्रपटात शंभर नाही, पंधराच वर्षं झाली आहेत. कर्क निघून गेल्यावर सहा महिन्यांतच शेजारचा ग्रह फुटलेला असतो, सेटी आल्फा ५ ची कक्षा सरकलेली असते आणि हिरव्या ग्रहाचं वाळवंट झालेलं असतं. खानची बायको त्यात गेलेली असते. एका धुळीच्या वादळात, मोडक्या डब्यासारख्या निवाऱ्यात हा माणूस पंधरा वर्षं एकच गोष्ट उगाळत बसलेला असतो: कर्क परत चौकशीला आला नाही. त्याच्या मांडणीवर मेल्व्हिलचं ‘मॉबी डिक’ आणि मिल्टनचं ‘पॅरडाइज लॉस्ट’ दिसतं. पुढे तो बोलतोही त्याच पुस्तकांच्या भाषेत, देवमाशामागे लागलेल्या त्या कप्तानासारखा. खान वाईट आहे, क्रूर आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्याची तक्रार खरी आहे आणि कर्ककडे तिला उत्तर नाही.

इथे आपल्याकडच्या प्रेक्षकाला टोचेल अशी एक गोष्ट सांगून ठेवते. खान आणि सिंग ही नावं एकत्र ऐकून तुम्ही थबकाल. मूळ भागात तो बहुधा उत्तर भारतातला शीख असावा असं सांगितलं जातं, त्याचं फेटा घातलेलं चित्रही दाखवतात, आणि भूमिका केली आहे मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंटालबाननं. भारतीय म्हणून पाहताना मला यात आपली काही ओळख सापडत नाही. दूरच्या देशाबद्दलची ती एक ढोबळ कल्पना आहे. दुसरीकडे, साठच्या दशकातल्या अमेरिकी टीव्हीवर जगातला सगळ्यात कर्तबगार माणूस भारतातला असू शकतो असं कुणाला तरी वाटलं, हेही मी विसरू शकत नाही. दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच मी तो भाग पाहते. मोंटालबानचा अभिनय मात्र अस्सल आहे. चित्रपटातली त्याची उघडी छाती खरी की नकली असं लोक अजून विचारतात, तर दिग्दर्शकानं स्पष्ट सांगितलं आहे की ती त्याची स्वतःचीच होती. वय तेव्हा साठीच्या घरात!

पहिला चित्रपट तुम्ही अर्ध्यावर सोडलात, त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. त्यात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा आहे, १९६५ ची मिस इंडिया, त्या भूमिकेसाठी केस भादरून घेतलेली. तिच्यासाठी कधीतरी पुन्हा पाहा. पण तो लांबतो हे खरं. पॅरामाउंटनं त्यावर सुमारे साडेचार कोटी डॉलर घातले होते. पैसे परत आले, तरी पुढचा स्वस्तात हवा होता, म्हणून टीव्हीवरचा निर्माता हार्व्ह बेनेट याला बोलावलं. पहिला कसा वाटला असं विचारल्यावर त्यानं मालकांच्या तोंडावर कंटाळवाणा म्हणून सांगितलं. त्याला स्टार ट्रेकचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्यानं बसून मालिकेचे सगळे भाग पाहिले. चाहता असता तर त्यानं आपले लाडके प्रसंग गोळा केले असते. यानं शोधलं ते अर्धवट राहिलेलं काहीतरी, आणि त्याचं बोट नेमकं ‘स्पेस सीड’वर पडलं. नंतर पटकथेचे पाच खर्डे झाले, एकही जमेना. तेव्हा दिग्दर्शक निकोलस मायरनं सगळ्यांना विचारून प्रत्येक खर्ड्यातलं आवडलेलं तेवढं वेचलं आणि बारा दिवसांत नवी पटकथा लिहिली. नामावळीत त्याबद्दल त्याचं नाव नाही.

खर्च झाला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. काटकसर डोळ्यांना दिसते आणि मला ती आवडते. पहिल्या चित्रपटातलं अंतराळस्थानकाचं मॉडेल उलटं करून इथे वापरलंय. कर्कच्या आणि खानच्या जहाजाची नियंत्रणकक्षं म्हणजे एकच सेट, थोडा फिरवून सजवलेला. आणि हे दोघे संपूर्ण चित्रपटात एकदाही समोरासमोर येत नाहीत! बोलतात ते पडद्यावरून आणि यंत्रावरून. दोघांचं चित्रीकरणही वेगवेगळ्या वेळी झालं. तरी सूडकथेत जी धग लागते ती कुठे कमी पडत नाही. खानचा हात कर्कपर्यंत कधी पोचतच नाही, म्हणूनच तो इतका पेटलेला वाटतो.

मायरला अंतराळातलं आरमार हवं होतं. शिट्ट्या, लाल डगले, तोफा डागल्यावर आतून जळणारं जहाज. अठ्ठावीस वर्षांच्या जेम्स हॉर्नरचं संगीतही समुद्राच्या लाटेसारखं उचलत जातं. शेवटची लढाई एका तेजोमेघात होते, जिथे दोन्ही जहाजांना नीट काही दिसत नाही. पाणबुड्यांसारखी ती एकमेकांना चाचपडत शोधतात. आजच्या चित्रपटांत सेकंदाला चार स्फोट होतात. इथे जहाज संथपणे खाली बुडी मारतं आणि मागून वर येतं, आणि आपला श्वास अडकलेला असतो. मुलीला ते दृश्य समजावून सांगा: खान हुशार आहे, पण जमिनीवरचा माणूस आहे, त्याला वर आणि खाली या दिशा सुचत नाहीत.

आणखी एक गोष्ट तिला आवडेल. मध्ये साधारण मिनिटभराचं एक दृश्य आहे, ज्यात मृत ग्रहावर आगीची लाट पसरून डोंगर, पाणी, हिरवळ तयार होते. ते पूर्णपणे संगणकावर तयार केलं होतं, १९८२ मध्ये! करणारी मंडळी लुकासफिल्मच्या संगणक विभागातली. तोच विभाग पुढे पिक्सार झाला. तिनं पाहिलेल्या कितीतरी कार्टूनपटांचं मूळ त्या मिनिटभरात आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे एवढं लिहायला बसले ती. हा चित्रपट वयाबद्दल आहे. पहिल्यांदा मी तो कॉलेजात असताना भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर पाहिला आणि मला फक्त लढाया आठवत राहिल्या. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला नुकतीच चाळिशी लागली होती, दोन्ही अर्थांनी. सुरुवातीलाच कर्कचा वाढदिवस आहे आणि डॉक्टर मॅकॉय त्याला भेट देतो तो वाचायचा चश्मा. आपल्या भाषेत त्या चश्म्याला चाळिशी म्हणतात, इंग्रजीत असा शब्दच नाही. स्पॉक देतो डिकन्सचं पुस्तक, जे त्या चश्म्याशिवाय वाचता येणार नाही. कर्क बढती मिळून कार्यालयात बसलेला आहे, जहाज तरुण प्रशिक्षणार्थींच्या हाती आहे, आणि कधीच न हरणाऱ्या त्या माणसाला आपलं काम संपलं असं वाटतंय.

मग तो चुकतो. समोरून येणारं जहाज उत्तर देत नाही. तरुण अधिकारी साविक नियम सांगू पाहते की अशा वेळी संरक्षक कवच चढवावं. तिला मध्येच थांबवलं जातं. खानच्या ग्रहावर येऊन पोचलेलं ते जहाज आता त्याच्या ताब्यात असतं. पहिल्याच माऱ्यात इंजिनाजवळची कोवळी मुलं मरतात. पुढे कर्क युक्ती लढवून सुटतो खरा, पण त्या धुरात, घाईत, समोरच्या कळा नीट दिसाव्यात म्हणून त्याला आधी खिशातली चाळिशी काढून डोळ्यांवर चढवावी लागते. तो प्रसंग मी किती वेळा मागे नेऊन पाहिलाय! अंतराळवीर इतका माणूस झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

शेवट माहीत असल्याची काळजी करू नका. १९८२ च्या प्रेक्षकांनाही कुणकुण होतीच. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयला परत यायचं नव्हतं, मरणाचा चांगला प्रसंग देतो असं सांगून त्याला राजी केलं गेलं, आणि ती बातमी फुटली. चाहते खवळले. म्हणून मायरनं स्पॉकला पहिल्या काही मिनिटांतच ‘मारला’: ती एक परीक्षा असते, जिंकताच येणार नाही अशी मुद्दाम रचलेली. मरण कसं स्वीकारता ते पाहण्यासाठी. तरुणपणी कर्कनं ती परीक्षा संगणकात फेरफार करून जिंकलेली आहे. प्रेक्षक हुश्श करतात, बातमी खोटी होती म्हणून. आणि दीडेक तासानं तीच परीक्षा खरी होऊन येते, तेव्हा ती कर्क देत नाही, स्पॉक देतो.

जहाज वाचलंय, सगळे आनंदात आहेत, कर्क मान वळवतो आणि स्पॉकची खुर्ची रिकामी दिसते. खाली काचेच्या पलीकडे स्पॉक उभा राहायला धडपडतो. जहाज वाचवताना लागलेल्या किरणोत्सर्गानं त्याचे डोळे गेलेले आहेत. तरी मित्राकडे वळण्याआधी तो अंगातला डगला खाली ओढून नीट करतो. मला दर वेळी रडू येतं ते तिथे, हात काचेला टेकतात तिथे नाही. नंतर कर्क खोलीत एकटा बसून ते पुस्तक वाचायला जातो, तर चश्म्याची काच तडकलेली.

दोष आहेत. खान कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, चेकॉव्हला, पाहताच ओळखतो, पण मूळ भागात चेकॉव्ह नव्हताच, तो नट दुसऱ्या वर्षी आला. एक ग्रह कमी झालेला तिथे आलेल्या नव्या जहाजाला कळत नाही हेही पचत नाही. चालायचंच.

पाहताना शक्य असेल तर दिग्दर्शकाची थोडी लांब आवृत्ती घ्या. मूळ आवृत्तीत मुख्य अभियंता एका जखमी पोराला उचलून थेट नियंत्रणकक्षात घेऊन येतो आणि का ते कळत नाही. लांब आवृत्तीत कळतं की तो त्याचा भाचा आहे.

आणि मुलीबद्दल. सुरुवातीच्या अर्ध्या तासात, खान त्याच्या ग्रहावर उतरलेल्या दोघा अधिकाऱ्यांना पकडतो त्यानंतर, कानात किडा सोडण्याचं एक दृश्य आहे. मोठ्यांनाही जड जातं. धुळीचं वादळ आलं आणि ते दोघे निवाऱ्यात शिरले की रिमोट हाताशी ठेवा, काचेच्या भांड्यातून खान चिमट्यानं काहीतरी बाहेर काढू लागला की पुढे पळवा. पुढे तोच किडा एकदा बाहेर येताना दिसतो, ते क्षणभरच. स्पॉकचा प्रसंग मात्र तिला पूर्ण पाहू द्या. तिनं विचारलं, तर पुढचा भाग १९८४ चा आहे आणि तो खुद्द निमॉयनं दिग्दर्शित केला आहे, एवढंच तिला सांगा.