ऑडी म्हणजे नुसती सजवलेली फॉक्सवॅगन का?

तुमच्या थोरल्या भावाने जुनी ए4 घेतली आणि मित्र त्याला चिडवतात की ही चार कडी लावलेली फॉक्सवॅगन, बाकी काही नाही. त्यावर तुम्ही विचारलंत, की या कंपनीला स्वतःचा इतिहास आहे की नाही, आणि एकीकडे एवढं नाव असताना दुसरीकडे मधूनमधून ती बदनाम का होते. मी तीस वर्षं पिंपरी-चिंचवडला गिअरबॉक्सचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काढली आहेत आणि या कंपनीचा नाद मला शाळेपासून आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

नावापासून सुरुवात करू. ऑगस्ट होर्ख हा मोझेल नदीकाठच्या विनिंगेन गावचा. कार्ल बेन्झच्या हाताखाली मानहाइमला काम शिकला आणि 1899 मध्ये कोलोनला त्याने स्वतःची कंपनी काढली. पुढे ती सॅक्सनीत त्सविकाऊला गेली. संचालकांशी बिनसलं आणि 1909 मध्ये तो स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला. त्याच गावात त्याने दुसरा कारखाना उभा केला आणि त्यालाही आपलंच नाव दिलं. जुन्या भागीदारांनी त्याला कोर्टात खेचलं. निकाल विरुद्ध गेला आणि माणसाला स्वतःचं आडनाव वापरायची बंदी झाली. मग एका भागीदाराच्या घरी नव्या नावासाठी बैठक बसली. त्या घरातला शाळकरी मुलगा कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करत होता. 'होर्ख' या शब्दाचा जर्मन अर्थ 'ऐक', आपल्या बोलीत 'कान दे'. मुलगा म्हणाला, लॅटिनमध्ये त्याला 'आउडी' म्हणतात, तेच ठेवा की. 1910 पासून ते नाव लागलं. जर्मन लोक आजही आउडीच म्हणतात. आपल्याकडे ऑडी रुळलंय, मीही तेच लिहितो.

होर्खने आपली गाडी आल्प्सच्या घाटांतल्या शर्यतींत उतरवली आणि पहिल्या महायुद्धाआधीच तिचं नाव झालं. 1921 च्या टाइप के या मॉडेलमध्ये स्टिअरिंग डावीकडे आणि गिअरचा दांडा मधोमध आला. जर्मनीतल्या कारखान्यातून नियमित बाहेर पडणाऱ्या गाड्यांत ही मांडणी आणणारी ती पहिली. पण गाड्या महाग, गिऱ्हाईक थोडं. 1928 मध्ये योर्गन रासमुसेन नावाच्या डॅनिश उद्योजकाने कंपनी ताब्यात घेतली. हा डीकेडब्ल्यूचा मालक. टू-स्ट्रोक मोटरसायकलींत त्या काळी जगात त्याच्या पुढे कोणी नव्हतं. त्याने त्सविकाऊच्या ऑडी कारखान्यातच एक छोटी, स्वस्त, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी करून घेतली. 1931 ची ती डीकेडब्ल्यू एफ1. ऑडीचं पुढच्या चाकांवरचं प्रेम तिथून सुरू होतं.

चार कडी आली ती मात्र अडचणीतून. मंदीत सगळेच बुडायला लागले, तेव्हा सॅक्सनीच्या सरकारी बँकेने पुढाकार घेऊन 1932 मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वाँडरर या चौघांची मोट बांधली. तिचं नाव ऑटो युनियन. एकेक कडं एकेका कंपनीचं. फर्डिनांड पोर्शेने त्यांच्यासाठी सोळा सिलिंडरची, इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेली शर्यतीची गाडी बनवली. बर्न्ड रोझमायर तीच चालवायचा. जानेवारी 1938 मध्ये फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करताना तो गेला.

या काळाबद्दल बोलताना लोक शर्यतींवर थांबतात. मला तसं थांबणं बरोबर वाटत नाही. युद्धात ऑटो युनियनने हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं. त्यांत छळछावण्यांतले कैदीही होते. कंपनीनेच नेमलेल्या इतिहासकारांनी 2014 मध्ये हे सविस्तर मांडलं. लाइटमेरिट्झ इथल्या छावणीतल्या मृत्यूंची नैतिक जबाबदारी कंपनीवर येते, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्या रिचर्ड ब्रुन यांना युद्धानंतर कंपनी पुन्हा उभी करणारे म्हणून मान मिळत होता, त्यांचं नाव कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेवरून काढलं गेलं. इतिहास विचारलात तर हेही त्याच इतिहासात बसतं, आणि माझ्या मते आधी हे वाचावं, मग शर्यतींचे विक्रम.

1945 नंतर त्सविकाऊ रशियाच्या हाती गेलं. यंत्रं उपटून नेली आणि 1948 मध्ये ऑटो युनियनचं नाव नोंदवहीतून पुसलं गेलं. ज्या कारखान्यात होर्खने ऑडी घडवली तिथेच पुढे पूर्व जर्मनीची ट्राबांट बनू लागली. टू-स्ट्रोक इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, म्हणजे घराणं डीकेडब्ल्यूचंच. पश्चिमेला पळून आलेल्या माणसांनी बव्हेरियात इंगोलश्टाटला सुट्या भागांचं कोठार उघडलं आणि 1949 मध्ये नव्याने ऑटो युनियन काढली. माल पोचवणारी छोटी व्हॅन आणि 125 सीसीची मोटरसायकल, एवढीच सुरुवात. त्या मोटरसायकलीची नक्कल ब्रिटनमध्ये बीएसएने, अमेरिकेत हार्लेने आणि जपानमध्ये यामाहाने केली. यामाहाची पहिली गाडी म्हणजे तीच.

आता तुमच्या मित्रांच्या मुद्द्याकडे येतो. 1958 मध्ये कंपनी डाइमलर-बेन्झने घेतली. टू-स्ट्रोकचा धूर लोकांना नकोसा झाला होता, म्हणून डाइमलरने लुडविग क्राउस हा आपला इंजिनिअर इंगोलश्टाटला पाठवला. त्याच्यासोबत एक फोर-स्ट्रोक इंजिनही आलं. 1965 पासून कंपनी टप्प्याटप्प्याने फॉक्सवॅगनकडे गेली, क्राउस मात्र तिथेच राहिला. त्याचं इंजिन डीकेडब्ल्यूच्या सांगाड्यात बसवून गाडी आली आणि 'डीकेडब्ल्यू' नावाला धुराचा वास लागलेला म्हणून पंचवीस वर्षं झोपलेलं 'ऑडी' हे नाव तिला दिलं. फॉक्सवॅगनचे प्रमुख नॉर्डहॉफ यांना ऑडीत रस नव्हता. त्यांना हवी होती इंगोलश्टाटची जागा आणि माणसं, बीटल बनवायला. नव्या गाडीचं काम करायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. क्राउसने तरी चोरून एक मोठी गाडी आखली. वरून परवानगी काढली ती 'बॉडीत बदल' एवढ्याच नावाखाली. शेवटी तयार नमुना नॉर्डहॉफसमोर उभा केला, त्यांनी तो नीट फिरून पाहिला आणि होकार दिला. 1968 च्या शेवटी आलेली ऑडी 100 ती हीच. तो होकार मिळाला नसता तर ऑडी हा बीटलचा एक जास्तीचा कारखाना म्हणूनच संपली असती.

नंतर झालं ते नेमकं उलट. बीटलचे दिवस भरत आले. मागे इंजिन आणि हवेवर थंड होणारी रचना, याच्यापुढे फॉक्सवॅगनला वाट सुचत नव्हती. वाट इंगोलश्टाटमधून आली. 1972 च्या ऑडी 80 वरून 1973 ची पासाट बनली. क्राउसच्या मंडळींनी ऑडी 80 साठी केलेलं पाण्यावर थंड होणारं इंजिन गोल्फमध्येही गेलं. आणि चाकणच्या कारखान्यातून जी पोलो वर्षानुवर्षं बाहेर पडली, तिच्या घराण्याची पहिली गाडी 1974 ची ऑडी 50 होती. तीच थोडी साधी करून 1975 मध्ये पोलो म्हणून विकली गेली. म्हणजे त्या दशकात फॉक्सवॅगन ही साध्या कपड्यांतली ऑडी होती. हे मित्रांना जरूर सांगा.

दरम्यान 1969 मध्ये नेकारझुल्मची एनएसयू कंपनीही यात आली. वांकेल इंजिनची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनची, सुंदर आरओ 80 तिची. त्या रोटरच्या कोपऱ्यांवरची सीलं लवकर झिजायची आणि त्या एका दोषाने कंपनी मोडकळीला आली. 'तंत्रातून आघाडी' अशा अर्थाची ऑडीची प्रसिद्ध ओळ 1971 ची.

क्वाट्रोबद्दल मी थोडं जास्त लिहिणार, कारण हा माझ्या हातचा विषय आहे. 1977 च्या सुमारास फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू होत्या. सैन्यासाठी केलेली इल्टिस नावाची जीपसारखी गाडी सोबत होती. इंजिन जेमतेम 75 अश्वशक्तीचं, पण चारही चाकं ओढणारी. कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्या बर्फात घसरत होत्या आणि ती पुढे निघून जात होती. योर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने ते पाहिलं आणि सरळ फर्डिनांड पीएखकडे गेला. पीएख हा पोर्शेचा नातू, तेव्हा ऑडीच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख. चार चाकांना ताकद देणं नवं नव्हतं, पण त्यासाठी ताकद पुढे-मागे वाटणारा वेगळा जड ट्रान्स्फर केस आणि पुढे जाणारा आणखी एक शाफ्ट लागायचा. ट्रक किंवा जीपमध्ये ते चालतं, रस्त्यावरच्या गाडीत नाही. ऑडीच्या माणसांनी गिअरबॉक्समधला दुय्यम शाफ्टच पोकळ केला. ताकद त्या नळीतून मागे मधल्या डिफरन्शियलला जाते, तिथे वाटली जाते आणि पुढच्या चाकांचा वाटा त्याच नळीच्या आतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टवरून परत पुढे येतो. लांबी साधारण 26 सेंटीमीटर. एकात एक फिरणारे दोन शाफ्ट, दोघांची ताकद उलट दिशेला, आणि वर दातांचा सगळा भार. असे भाग तपासताना माझं आयुष्य गेलं आहे. पोकळ केलेला शाफ्ट मूळचा ताठपणा टिकवून धरतो का, तापवून टणक करताना वाकतो का, याची धास्ती काय असते ते मला माहीत आहे. पहिल्यांदा रेखाचित्र पाहिलं तेव्हा मी ते कितीतरी वेळ हातातून खाली ठेवलं नव्हतं.

1980 मध्ये जिनिव्हाला गाडी दाखवली आणि रॅलीचं चित्रच पालटलं. 1981 मध्ये सान रेमोला मिशेल मूतोंने जिंकून दाखवलं. जागतिक रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. 1983 मध्ये मिकोला आणि 1984 मध्ये ब्लोमक्विस्ट विश्वविजेते झाले. त्यानंतर दोनच चाकांना ताकद देणारी गाडी घेऊन रॅली जिंकण्याचं स्वप्न बहुतेकांनी सोडून दिलं.

आता नावलौकिकाकडे, आणि इथे आपला संबंध येतो. 10 मार्च 1985 ला मेलबर्नला भारताने पाकिस्तानला हरवलं आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रवी शास्त्रीला ऑडी 100 मिळाली. सगळा संघ गाडीच्या टपावर, बॉनेटवर बसून मैदानाला चक्कर मारतोय, हे दृश्य ज्याने पाहिलं तो विसरला नाही. मी तेव्हा शाळेत होतो. रस्त्यावर फियाट आणि अॅम्बेसेडर, एवढंच आमचं जग. ती गुळगुळीत, वाऱ्याने घासून काढल्यासारखी गाडी पाहिली आणि गाडी अशीही असू शकते हे कळलं. तो आकार शोभेचा नव्हता. हवेचा विरोध मोजण्याचा आकडा त्या गाडीचा 0.30 होता. मोठ्या घरगुती गाडीत त्या काळी हे थक्क करणारं होतं. ती गाडी 2022 मध्ये नीट दुरुस्त करून शास्त्रींना परत दिली गेली.

हीच गाडी अमेरिकेत ऑडी 5000 या नावाने विकली जायची, आणि त्याच सुमाराला तिथे ती भीतीचं नाव झाली होती. ब्रेकवर पाय असताना गाडी आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी वाढत होत्या. माणसं दगावली होती. नोव्हेंबर 1986 मध्ये सीबीएस वाहिनीच्या '60 मिनिट्स'मध्ये एक्सलरेटर आपोआप खाली जाताना दाखवला. त्यासाठी गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाबाची हवा सोडली होती, हे प्रेक्षकांना सांगितलं नाही. 1989 मध्ये सरकारी तपासाचा निष्कर्ष आला: बहुतेक प्रसंगी घाबरलेल्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी एक्सलरेटरवर पडला होता. इंजिनचा मंद वेग राखणारा भाग कधी कधी चुकून वेग किंचित वाढवायचा, त्याने माणूस दचकायचा, आणि दोन पेडल्सची मांडणी अमेरिकन सवयीपेक्षा वेगळी होती. कंपनीने मात्र सुरुवातीपासून चालकांचीच चूक असा सूर लावला. तांत्रिकदृष्ट्या तो बराचसा खरा असेल, पण ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांच्याशी असं बोलत नाहीत. 1985 मध्ये तिथे 74 हजारांच्या आसपास असलेली विक्री 1991 मध्ये 12 हजारांवर आली. ब्रेक दाबल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडी पार्कमधून निघत नाही, ही आज सगळीकडे दिसणारी सोय याच प्रकरणानंतर रुजली.

ती बदनामी बरीचशी अन्यायाची होती. 2015 ची नाही, आणि दोन्ही एकाच पारड्यात टाकणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला युरियाचं द्रावण फवारावं लागतं. पुरेसं फवारलं तर टाकी दोन सर्व्हिसिंगच्या मध्येच रिकामी होते. म्हणून गाडी चाचणीत आहे की रस्त्यावर, हे ओळखून रस्त्यावर फवारा कमी करणारा प्रोग्राम घातला गेला. ऑडीचं तीन लिटरचं व्ही6 इंजिन यात होतं. ज्यांनी 1989 मध्ये टीडीआय इंजिन आणून डिझेलला इज्जत मिळवून दिली आणि 2006 मध्ये डिझेलवर ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, त्याच घरातून हे घडलं. याचं मला आजही वाईट वाटतं. 2018 मध्ये कंपनीला 80 कोटी युरोंचा दंड झाला. माजी प्रमुख रुपर्ट श्टाडलर यांनी 2023 मध्ये कोर्टात कबुली दिली आणि त्यांना निलंबित शिक्षा झाली. आपल्याकडे गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने चाचण्या केल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये फॉक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून 3 लाख 23 हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळणी होणाऱ्या ऑडीची भारतातली भरभराट डिझेलवर उभी होती. 2020 मध्ये बीएस6 हे धुराचे कडक नियम आले आणि कंपनीने इथे डिझेल सोडलंच.

राहिला भावाचा प्रश्न. ए3 आणि क्यू3 बद्दल मित्रांचं म्हणणं मान्य करा. त्यांचा सांगाडा गोल्फ आणि ऑक्टाव्हियाच्या घराण्यातलाच आहे, इंजिन आडवं. ए4 चं इंजिनही फॉक्सवॅगनच्या गाड्यांत सापडेल. पण एकदा त्यांना बॉनेट उघडून दाखवा. इंजिन उभं, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसलेलं दिसेल, आणि बरंचसं पुढच्या चाकांच्याही पुढे. ती मांडणी 1965 ची आहे, धुराने बदनाम झालेल्या डीकेडब्ल्यूच्या सांगाड्यात क्राउसने आपलं इंजिन बसवलं तेव्हाची.