परीक्षेआधी उजळणीसाठी मोठ्या नोट्स छोट्या कशा कराव्यात?

शंभरेक पानांच्या नोट्स आहेत, त्यांचं सार दहा पानांत कसं आणायचं, असं तुम्ही विचारलंय. वही उघडी ठेवून सार काढणार असाल तर नका काढू. ती नुसती नक्कल होते, बारीक अक्षरातली.

हॉस्टेलवर माझा रूम पार्टनर हेच करायचा. पाच रंगांची पेनं, शीर्षकाखाली दुहेरी रेघ, चौकटी पट्टीने आखलेल्या. मोठ्या वहीवरून मधली वही, मधलीवरून छोटी. मी वही मिटून, आठवेल तेवढं प्रकरण कोऱ्या कागदावर खरडायचो, मग वहीशी ताडून बघायचो. जे सुटलं तेवढंच चिठोऱ्यावर. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडून ऊर्जा काढण्याच्या क्रियेच्या, माझ्या चिठोऱ्यावर एकच ओळ होती : ‘आधी 2 जातात!!’ एका ग्लुकोजमागे 4 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) तयार होतात, पण सुरुवातीलाच 2 खर्ची पडतात, म्हणून निव्वळ 2. दहाच्या दहा पायऱ्या मला पाठ होत्या, हा खर्च तेवढा दर वेळी निसटायचा. येतंय ते कशाला लिहायचं?

पेपरच्या आदल्या रात्री पठ्ठ्याने माझी चिठोरी झेरॉक्सला मागितली. दिली. थोड्या वेळाने तणतणत परत. ‘ह्या काय नोट्स आहेत? खरी वही लपवून ठेवलीस तू!’ वर मेसमध्ये सगळ्यांना तेच सांगत सुटला. आजही भेटला की हा विषय काढतोच.

त्याला ऐकवायला एक प्रयोग मी हाताशी ठेवलाय. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. आता पाच मिनिटांनी परीक्षा कुणाची असते हो? पण रात्री रंगीत वही चाळताना ‘येतंय की सगळं’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांमुळेच.

तुमच्या दहा पानांचं म्हणाल तर आकडा ठरवूच नका. दोन-तीन दिवस जाऊ देऊन पुन्हा कोऱ्या कागदावर लिहा, आता जे आलं ते चिठोऱ्यावरून खोडा. पानं आपोआप घटतात. आणि दुसऱ्याची चिठोरी मागू नका, त्यात त्याच्या चुका असतात, तुमच्या नव्हे.

हां, प्रकरण एकदा नीट समजलेलंच नसेल तर यातलं काही चालणार नाही, आधी पुस्तक वाचा. कायद्याच्या व्याख्या शब्दशः लागतात, त्यांना कात्री लावू नका. गणितात नोट्सच्या नादी न लागता सरळ उदाहरणं सोडवा. रंगीत पेनं आकृत्यांपुरती ठीक आहेत, एवढं त्याचं मान्य.