‘ती क्तो ताकोय? दवाय, दस्विदानिया!’ ही ओळ सगळ्यांच्या तोंडी कशी बसली?

अझरबैजानमधल्या लग्नात गायलेली एक ओळ २०१२ मध्ये रशियाभर कशी पसरली, असं तुम्ही विचारलंय. मी गझल लिहितो, त्यामुळे त्या लग्नाचा व्हिडिओ पाहताना माझं लक्ष आधी रदीफकडेच, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरलेल्या शेवटाकडेच गेलं.

गाण्याचा हा प्रकार म्हणजे मेयखाना. आपल्याकडच्या शेरोशायरीत येणारा मयखाना तो हाच शब्द. दोन-तीन गायक समोरासमोर बसून तालावर जागच्या जागी कडवी रचतात, एकमेकांना चिमटे काढतात आणि प्रत्येक कडवं ठरलेल्या ओळीवर आणून सोडतात. ती ओळ म्हणजे रदीफ. अस्तारा भागातल्या या लग्नात कडवी स्थानिक भाषेत होती, रदीफ मात्र रशियन: ‘तू आहेस कोण? चल, ये आता!’

खरी गंमत ‘दस्विदानिया’त आहे. एरवी हा सभ्य निरोपाचा शब्द, ‘पुन्हा भेटू’ अशा अर्थाचा. पण आधी ‘तू कोण?’ असं दरडावलं की त्याच निरोपाचा धक्का होतो. आपण नको असलेल्या पाहुण्याला ‘बरं, या आता’ म्हणतो ना, अगदी तसं. कडवी न कळणाऱ्या रशियन माणसालाही एवढं लगेच कळलं. शिवाय रदीफ असतेच मुळी सगळ्यांनी मिळून म्हणायला. पुढे कोणाचंही नाव जोडा, ओळ चपखल बसते. त्या वर्षी पुतिनविरोधी निदर्शकांनी ‘पुतिन, दवाय, दस्विदानिया’ म्हणत तेच केलं.

मला मात्र या गोष्टीतला दुसरा भाग मनाला जास्त लागतो. गाणारे तालिश होते. इराणच्या सीमेलगत राहणारा हा समाज. त्यांची भाषा इराणी कुळातली, अझरबैजानी भाषा मात्र तुर्की कुळातली. व्हिडिओ इंटरनेटवर टाकल्याचं सांगणारे हिलाल मामेदोव हे तेव्हा ‘तोलिशी सादो’ या तालिश वृत्तपत्राचे संपादक होते. जगाला तालिश लोकांची ओळख झाली याचा त्यांना अभिमान होता. जून २०१२ मध्ये त्यांना अमली पदार्थ बाळगल्याच्या आरोपावरून अटक झाली, मग देशद्रोहाचं कलमही लागलं. मानवी हक्क संघटना खटला राजकीय असल्याचं सांगत राहिल्या, तरी सप्टेंबर २०१३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झालीच. २०१६ च्या मार्चमध्ये माफी मिळून ते सुटले.

व्हिडिओ पुन्हा पाहाल तेव्हा रदीफ येण्याआधीची कडवीही ऐका. अर्थ कळला नाही तरी चालेल.