पदवीला गुण कमी, तरी एमबीए?

प्रश्न : पदवीच्या दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले आणि माझे दोन विषय राहिले. शेवटी कशीबशी द्वितीय श्रेणी हाती आली. आता सहा वर्षं नोकरी झाली. एमबीएला अर्ज करावा, की नाद सोडावा?

उत्तर : नाद अजिबात सोडू नका. माझ्याही गुणपत्रिकेत संख्याशास्त्रापुढे नापासाचा शेरा आहे, तरी मला प्रवेश मिळाला. म्हणून हे पोटतिडकीने लिहिते आहे. जुने गुण बदलत नाहीत. पण निवड समितीला खरा प्रश्न पडतो तो हा, की आकडेमोडीचा अभ्यास या माणसाला आज झेपेल का? त्याचं ताजं उत्तर तुम्ही द्यायचं. त्यासाठी जीमॅट, म्हणजे एमबीए प्रवेशासाठीची परीक्षा, द्या. ती 135 मिनिटांची, 205 ते 805 गुणांची. गुण 5 वर्षं चालतात. गणिताच्या भागावर जोर द्या. जमलं तर संख्याशास्त्राचा किंवा लेखाशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम पुरा करा, मात्र परीक्षा आणि गुण असलेलाच.

आणि अर्जातला तो ऐच्छिक निबंध, जिथे कमी गुणांचं कारण सांगता येतं! मी आधी दोन पानं भरली होती : पेपर कठीण, प्राध्यापक कडक, वेळच नव्हता. ताईने लाल पेनाने सगळं खोडलं. पाच ओळी उरल्या : काय झालं, कधी झालं, नंतर मी काय केलं. तेवढ्याच पाठवल्या. वडिलांच्या आजारपणाला एक वाक्य पुरे. पुढच्या वर्षी गुण सुधारले असतील तर ते आवर्जून लिहा. शिफारसपत्र नुसता मोठा हुद्दा बघून कुणाकडून घेऊ नका, तुमचं काम रोज पाहणाऱ्या वरिष्ठांकडूनच घ्या.